मनाचें दुखणें व आपण शेतकरी

आपल्या गोठ्यांतील बैलानें एक वेळची वैरण टाकली व रवंथ करणें सोडलें, तर आपण दुसरी वेळ तशी जाऊं देत नाहीं. हातांतील काम टाकून गुरांच्या दवाखान्याची वाट धरतों, डॉक्टर येईपर्यंत जनावराच्या कानाला हात लावून ताप पाहतों, रात्रीं दोनदां उठून गोठ्यांत फेरी मारतों. त्या वेळीं बैलाला कोणी आळशी म्हणत नाहीं, किंवा ‘धीर धर’ असा उपदेशही करीत नाहीं. परंतु त्याच घरांतील कर्ता पुरुष महिना महिना अर्धी भाकरी ताटांत टाकून उठतो, पहाटे तीन वाजल्यापासून ओसरीवर बसून राहतो, पेरणीचे दिवस आले तरी तिफणीकडे पाहत नाहीं, तेव्हां कोणी त्याला ऐदी म्हणतो, कोणी भित्रा म्हणतो, आणि कोणी ‘कर्जानें खचला’ एवढें म्हणून पुढें जातो. या विसंगतीविषयीं मला लिहावयाचें आहे. हें मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाहीं. तो ओसरीवरचा माणूस मीच होतों.

२०१७ च्या हंगामांत आमच्या भागांत कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, हें वाचकांस आठवत असेल. माझी सात एकर कपाशी होती. शेतांत डोमकळ्या दिसूं लागल्या तेव्हांच काय होणार तें कळलें होतें. पुढें बोंडें फुटलीं तीं निम्मीं कवडीचीं. सोसायटीचें पीककर्ज होतें, कृषिकेंद्राची उधारी होती, मुलीची कॉलेजची फी भरावयाची होती. यांत नवल असें कांहींच नाहीं. नुकसान साऱ्या गांवाचें झालें, कित्येकांचें माझ्याहून अधिक. ते लोक हळहळले, दैवाला व सरकारला बोल लावून मोकळे झाले, आणि दोन महिन्यांनीं पुन्हां कामाला लागले. माझें मन मात्र उठेना. पुढील वर्षीं मृग सरला, आर्द्रा लागल्या, शेजारच्या शेतांत कपाशी दोन पानांवर आली, आणि माझें बियाणें घरांतच कोपऱ्यांत पडून राहिलें. पिशवी उचलून गाडींत टाकणें एवढेंसें काम, पण डोंगर उचलण्यासारखें वाटे.

चिंता निराळी व दुखणें निराळें, हें मला त्या वर्षीं कळलें. चिंतेला कांहीं विषय असतो. हप्ता भरावयाचा आहे, पाऊस लांबला आहे, मुलगी परगांवीं आहे. तो विषय मिटला कीं चिंताही उतरते, आणि ती असते म्हणूनच आपण वेळेवर उठून कामाला लागतों. चिंता नसलेला शेतकरी मीं अद्याप पाहिलेला नाहीं, आणि तसा कोणी असला तर त्याची शेती पाहण्यासारखी नसावी. दुखण्याची गोष्ट तशी नव्हे. त्या सालच्या उन्हाळ्यांत माझ्या उधारीचा मोठा भाग फिटला, मुलीची फीही भरली गेली. घरांतील माणसें आनंदलीं, आणि मला कांहींच वाटलें नाहीं. ज्या गोष्टीच्या काळजीनें झोप उडाली असें मी समजत होतों ती गोष्ट गेली, पण झोप कांहीं परत आली नाहीं.

या दुखण्याला डॉक्टर लोक नैराश्य अथवा डिप्रेशन म्हणतात. त्याचीं लक्षणें गुप्त नसतात; पाहणाऱ्यास तीं दिसतात. मन सतत उदास असणें, किंवा ज्या गोष्टींत पूर्वीं गोडी होती तींतून ती अजिबात जाणें, पहाटे फार लवकर जाग येणें, भूक मरणें, अंगांत त्राण नसणें, साधा हिशेब जुळेनासा होणें, आपण निकामी आहों, घरच्यांवर भार आहों असें वाटणें, आणि शेवटीं जगण्याचाच कंटाळा येणें. यांतील पुष्कळशीं लक्षणें दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलीं, तर तो स्वभाव नव्हे व आळसही नव्हे. कांहींजणांत काळजीचेंच दुखणें होतें. अशा माणसाला एकाएकीं छातींत धडधड सुटते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, आतांच प्राण जातो असें वाटतें, आणि हृदयाच्या तपासण्या मात्र चांगल्या निघतात. पुरुषांत तर पुष्कळदां उदासपणा दिसतच नाहीं. दिसतो तो चिडखोरपणा व दारू. दारूनें घटकाभर बरें वाटतें व दुसरे दिवशीं मन पूर्वींपेक्षां खोल जातें, हें मी अनुभवानें सांगतों.

आमच्या खेड्यांत हें दुखणें बहुधा शरीराचें सोंग घेऊन येतें. अंग दुखतें, डोकें जड होतें, पोटांत गोळा उठतो, हातापायांना मुंग्या येतात. मीही आधीं तेंच सांगत हिंडलों. एका खासगी दवाखान्यांत मला तीन वेळां सलाईन लावलें व ताकदीचीं इंजेक्शनें दिलीं. दुसऱ्या ठिकाणीं झोपेच्या गोळ्या मिळाल्या, ज्यांची पुढें संवय लागूं लागली. मग घरच्यांच्या समाधानासाठीं एका जाणत्याकडेही जाऊन आलों. यांत पांच महिने व बराच पैसा गेला. मन कसें आहे, एवढा एक प्रश्न या सर्वांपैकीं कोणीही विचारला नाहीं, आणि मीं होऊन सांगितलें नाहीं. दोष दोहींकडे होता.

हें माझ्या एकट्याचेंच झालें असें नाहीं. २०१५-१६ सालीं बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनें १२ राज्यांत मोठी पाहणी केली. दर १०० प्रौढांत दहा-अकरा जणांस कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि नैराश्य व चिंता यांसारख्या नेहमीच्या विकारांत दर १०० रुग्णांपैकीं सुमारे ८५ जण उपचारावांचून होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आमच्या अमरावती जिल्ह्यांतच ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम दीड वर्ष चालला, त्याचे आंकडे २०१७ सालीं प्रसिद्ध झाले आहेत. आरंभीं दर १०० खिन्न माणसांत अवघे चार जण कोणाकडे तरी मदतीसाठीं गेलेले होते. गांवांतल्याच शिकविलेल्या कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन हा विषय बोलता केल्यावर दीड वर्षाच्या अखेरीस तेच २७ झाले. त्याच काळांत नैराश्यानें ग्रस्त असलेल्यांचें प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर आलें, आणि जीव देण्याचे विचार येणाऱ्यांचें प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलें. त्या ३० गांवांतील माणसें आपल्याहून निराळीं नाहींत. तेथें कोणीं तरी येऊन विचारलें, एवढाच काय तो फरक.

या विषयांत आपल्या लोकांत दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, शेतमालाला भाव द्या, कर्जाचा बोजा उतरवा, पाण्याची सोय करा, म्हणजे कोणाचेंही मन बिघडणार नाहीं. मनाचे दवाखाने काढणें ही शेतकऱ्याच्या डोळ्यांत धूळफेक आहे. दुसरा पक्ष बहुधा शहरांत राहतो. तो म्हणतो, शेतकऱ्यांचीं मनें दुबळीं झालीं आहेत, त्यांना चार धीराच्या गोष्टी सांगाव्या. दुसऱ्या पक्षाला उत्तर देण्यांत मी शाई खर्च करणार नाहीं. पहिल्याचा राग मला मान्य आहे. भाव व कर्ज यांचा प्रश्न डॉक्टरच्या गोळीनें सुटत नाहीं, आणि जो सरकारी अधिकारी तसें सुचवील त्याला सभेंत उभें करून जाब विचारावा. परंतु त्या पक्षाला माझें एकच विचारणें आहे. संत्र्याच्या बागेंत पाणी साचून राहिलें म्हणजे डिंक्या लागतो. चर काढून तें पाणी बाहेर काढलेंच पाहिजे, नाहींतर आणखी झाडें जातील. पण ज्या झाडाला डिंक्या लागून चुकला त्याची रोगट साल खरवडून बोर्डो मलम लावावें लागतें. केवळ चर काढल्यानें तें झाड सुधारत नाहीं. चर कीं मलम, असा वाद कोणता बागाईतदार घालतो? सरकारकडून चर मागत राहूं या, आणि झाडाला मलमही लावूं या.

शिवाय कर्ज हें एकच कारण नव्हे. घराण्यांत हें दुखणें चालत आलेलें असतें. घरांतील कलह, मृत्यु, दारू हीं कारणें असतात. कधीं कंठग्रंथीचें कार्य मंदावलेलें असतें किंवा रक्तांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते व तेंही थकवा आणि उदासीनता आणतें. म्हणूनच चांगला डॉक्टर आधीं रक्त तपासतो.

आतां मी कसा सुटलों तें सांगतों. आमच्या शेताला लागून ज्यांचें शेत आहे त्यांना सारा गांव काका म्हणतो. धुऱ्यावरून त्यांचें व माझें दहा वर्षांपूर्वीं कडाक्याचें भांडण झालें होतें, व पुढें बोलणें कामापुरतेंच राहिलें होतें. एके दिवशीं पहाटे ते ओसरीवर येऊन बसले. ‘तुझ्या ओसरीवर रोज तीन वाजतां दिवा दिसतो. झोप येत नाहीं काय?’ मीं म्हटलें, नाहीं. ‘किती दिवस?’ दिवाळीपासून. ते कांहीं बोलले नाहींत. चहा झाला तरी उठले नाहींत. मग म्हणाले, ‘खरें सांग, जीव नकोसा वाटतो काय?’ मी गप्प राहिलों. त्यांनीं पुन्हां तेंच विचारलें. मीं होय म्हटलें, आणि त्या वर्षांत प्रथमच छातीवरचें ओझें जरा हललें.

असा उघड प्रश्न विचारल्यानें माणसाच्या मनांत नसता विचार भरतो, ही समजूत चुकीची आहे. या विषयाचे जाणकार उलट सांगतात कीं, ज्याच्या मनांत तो विचार घोळत असतो त्याला कोणीं विचारलें म्हणजे सुटल्यासारखें वाटतें. काकांना हें ठाऊक होतें, कारण त्यांची सून आशा कार्यकर्ती आहे. २०१५ सालीं राज्यसरकारनें विदर्भ व मराठवाडा यांतील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत आशा कार्यकर्तींना घरोघर जाऊन असे प्रश्न विचारण्याचें शिक्षण मिळालें. ती बाई माझ्याही घरीं येऊन गेली होती. मीं सर्व ठीक आहे असें सांगून तिला वाटेस लावलें होतें. तिनें सासऱ्याजवळ एवढेंच म्हटलें होतें कीं, यांच्याकडे जरा लक्ष ठेवा.

काकांनीं त्याच सकाळीं माझ्या कोठ्यांतील फवारणीचीं औषधें उचलून आपल्या शेतावरच्या खोलींत नेलीं, कुलूप लावलें व किल्ली जवळ ठेवली. मला त्याविषयीं एक अक्षर बोलले नाहींत. तेव्हां मला थोडा रागच आला होता. आतां वाटतें कीं साऱ्या उपायांत पहिला उपाय तोच. जीव देण्याचा झटका पुष्कळदां घटका दोन घटकांचा असतो, आणि त्या घटकेंत विष हाताशीं असलें वा नसलें, यावर जन्म अवलंबून असतो. श्रीलंकेनें १९९५ पासून अत्यंत विषारी कीटकनाशकें क्रमानें बंद केलीं. पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनीं उतरलें, आणि पिकाचें उत्पन्न कांहीं घटलें नाहीं. आपण तूर्त एवढें करूं शकतों कीं, राहत्या घरांत हीं औषधें ठेवूं नयेत, हंगाम संपल्यावर उरलेलीं साठवूं नयेत, आणि ज्या घरांत कोणी खिन्न आहे तेथील शेजाऱ्यानें तीं आपल्याकडे न्यावींत.

दुसरे दिवशीं आम्ही दोघे एस. टी. नें जिल्हा रुग्णालयांत गेलों. मानसोपचार विभागाची पाटी पाहून मी दोनदां फाटकापर्यंत परतलों. गांवचा कोणी पाहील, ‘याला येरवड्याला न्यावें लागणार’ असें म्हणेल, मुलीच्या सोयरिकीला अडचण येईल, हे विचार. आंत गेल्यावर पाहतों तों रांगेंत निम्मे लोक आपल्यासारखेच धोतर-पायजम्याचे, आणि दोन तर ओळखीचे निघाले! आम्ही तिघांनीं एकमेकांस पाहून न पाहिल्यासारखें केलें. डॉक्टरांनीं वीस मिनिटें विचारपूस केली, रक्त तपासलें, गोळी लिहून दिली, व स्पष्ट सांगितलें कीं दोन ते चार आठवडे गुण दिसणार नाहीं, पहिले कांहीं दिवस मळमळेल, तरी सोडावयाची नाहीं. ही गोळी झोपेच्या गोळीसारखी संवय लावणारी नसते. मात्र आपल्या मनानें एकदम बंद केल्यास त्रास होतो. पुष्कळ लोक आठ दिवसांत ‘कांहीं उपयोग नाहीं’ म्हणून सोडून देतात. मीही सोडली असती, पण काका रोज संध्याकाळीं येऊन पाकीट पाहत. चौथ्या आठवड्यांत एके सकाळीं मला चहाची चव लागली. तोंपर्यंत चव गेली आहे हेंच मला कळलें नव्हतें.

औषधाबरोबर दुसरा एक उपाय झाला, त्याला पैसाही लागत नाहीं. खिन्न माणूस म्हणतो, उत्साह आला म्हणजे काम करीन. या दुखण्यांत क्रम उलट असतो. आधीं थोडें काम, मग त्याच्या मागून थोडा उत्साह. काका मला सकाळीं धुऱ्यापर्यंत चालत नेत. पहिल्या आठवड्यांत तेवढेंच. पुढें दोन तास्या निंदणें, मग एका बैलाला पाणी दाखविणें. काम लहान, ठरलेल्या वेळीं, आणि झालें न झालें त्याची नोंद. गोव्यांतील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत याच धर्तीचा उपचार, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनीं सहा ते आठ बैठकींत दिला. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निकालांत, तीन महिन्यांअखेर हा उपचार मिळालेल्या शेंकडा ६४ रुग्णांचें नैराश्य उतरलें होतें; ज्यांना तो मिळाला नाहीं त्यांच्यांत हें प्रमाण ३९ होतें. यावरून दिसेल कीं, मोठ्या शहरांतील मोठा डॉक्टर मिळेपर्यंत हात बांधून बसण्याचें कारण नाहीं.

धीराच्या उपदेशाविषयीं एक शब्द. ‘तुझ्यापेक्षां दुःखी लोक जगांत आहेत’ हें वाक्य मला त्या वर्षांत किमान पन्नास जणांनीं ऐकविलें. तें खरें होतें, आणि प्रत्येक वेळीं मला अधिक लाज वाटे कीं एवढ्या थोड्या दुःखानें आपण पडलों. देहूच्या तुकोबांची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. इ. स. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळांत त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावांचून गेली, मुलगाही गेला. ते घर सोडून डोंगरावर जाऊन बसले. पुढचें त्यांचें थोरपण आपण गातों. परंतु धाकटा भाऊ कान्होबा त्यांना रानोमाळ शोधीत गेला, हेंही परंपरा सांगते, आणि त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. तुकोबांच्या मनाची परीक्षा करण्याचा मला अधिकार नाहीं. मी कान्होबाविषयीं बोलत आहें.

स्त्रियांविषयीं मला अपुरीच माहिती आहे, तरी लिहिल्यावांचून राहवत नाहीं. हें दुखणें पुरुषांहून स्त्रियांत अधिक आढळतें. बाळंतपणानंतर तर विशेष. आपण सातबाऱ्यावर ज्यांचें नांव आहे त्यांच्याच दुःखाची वार्ता करतों. माझ्या आजारांत माझी पत्नी निंदण, गुरें, बँक, मुलगी हें सारें सांभाळून रात्रीं मला एकट्याला सोडीत नव्हती. मी सावरल्यावर चार महिन्यांनीं ती अंथरुणाला खिळली, तेव्हां मीं प्रथम ‘अशक्तपणा असेल’ असेंच म्हटलें. मी, जो हें सारें नुकताच भोगून उठलों होतों!

कांहीं लोकांस कायद्याची भीति असते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला पूर्वीं शिक्षा होत असे, म्हणून घरचे लोक अशा माणसाला दवाखान्यांत नेण्यास कचरत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा माणसास तीव्र मानसिक तणावाखालीं असलेला मानून त्याच्यावर उपचार करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागीं आलेल्या न्याय संहितेंत तें जुनें कलम घेतलेलें नाहीं. तेव्हां पोलिसांच्या भयानें वेळ घालवूं नये.

आपल्या संघाच्या कचेरींत रोजच्या बाजारभावाचा फलक आहे. त्याच्या शेजारीं १४४१६ हा आंकडा मोठ्या अक्षरांत रंगवावा, अशी माझी कार्यकारी मंडळास सूचना आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा हा फुकट दूरध्वनि १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो व त्यावर मराठींत बोलतां येतें. दुसरी सूचना अशी कीं, कर्जवसुलीची नोटीस घेऊन जाणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यास, समोरच्या माणसाला ‘झोप लागते काय’ एवढें विचारण्यास शिकवावें. खर्च कांहीं नाहीं.

माझें औषध दहा महिन्यांनीं डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू बंद झालें. मधून मधून, विशेषतः कापूस फुटावयाच्या दिवसांत, पहाटे जाग येते. दोन-तीन दिवस तसें झालें तर मी काकांना सांगतों. जिल्हा रुग्णालयांत आमच्याकडे मंगळवारीं हा विभाग असतो. ज्या सभासदांस एकट्यानें जाण्याचा संकोच वाटत असेल त्यांनीं मला निरोप धाडावा. सकाळच्या सातच्या गाडीनें मी बरोबर येईन.